गुरचरणावरचे तितर

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, चालता चालता एकदम एक पाय उचलून उभे राहायचे. हातात बाजाराची पिशवी असो, नाहीतर कुणाच्या लग्नाच्या वरातीत निघालेले असोत. गवतात जरा खसफस झाली की उजवा पाय अधांतरी, मान पुढे, डोळे एका जागी. वरात पुढे निघून जायची आणि मामा मागे तसेच. गावात म्हणायचे, "रूबीनं म्हाताऱ्याला चांगला शिकवलाय." रूबी ही त्यांची शिकारी कुत्री. पांढरी, अंगावर तपकिरी ठिपके, लोंबते कान. वासावरून पक्षी शोधायचा आणि सापडला की पाय उचलून जागच्या जागी थबकायचं, हे तिच्या जातीचं कामच. कोण कुणाकडून शिकलं देव जाणे. मी लग्न होऊन दारात आले तेव्हा दोघं अंगणात तशीच उभी होती, कुंपणातल्या कसल्याशा पाखराकडे बघत. सासूबाई आधीच गेलेल्या. आत ये म्हणायलाही कुणी भानावर नव्हतं.

तेव्हा खाडीवर पूल नव्हता आणि नवी मुंबई हे नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. बेलापूरच्या अलीकडे आमचं गाव. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि डोंगराच्या पायथ्याशी गुरचरण. ती जमीन सगळ्यांची. तिथं कुणाला ये म्हणावं लागत नसे, आणि कुणाला जा म्हणताही येत नसे. माझं माहेर कोपरखैरण्याचं. आम्हाला भात, मीठ आणि मासळी एवढंच ठाऊक. कुत्रीच्या अंगावर स्वतःची घोंगडी घालणारा माणूस मी ह्याच घरात पाहिला.

दिवाळे गावची कोळीण दारात आली की पहिला वाटा रूबीचा. एकदा मी बोललेच. मी सातवी पास होते आणि तोंड मिटून बसायची मला सवय नव्हती. म्हटलं, "मामा, कुत्रीला बोंबील आणि सुनेला नुसता कोरडा भात, हा कुठला न्याय?" मामा शांतपणे म्हणाले, "बाय, तिला बोलता येत नाय म्हनून तिला पयलं. तुला तर चांगलं मागून घेता येतं." मला हसू आलं, आणि दुसऱ्या दिवसापासून बोंबिलांत माझाही वाटा पडू लागला.

तरुणपणी मामा गोऱ्या साहेबांना शिकार दाखवायचे. रूबीची आई असल्याच एका साहेबाने विलायतेला जाताना मामांच्या हवाली केलेली. साहेब गेले, मागून मुंबईचे शेठ आले, बंदुका त्याच. मी आले तोवर गुरचरण मुकं झालं होतं. मामा सांगायचे, "सकाली तितर बोलायला लागले का बाजूच्या मानसाचं बोलनं ऐकू येत नव्हतं. सगले मीच दाखवले, मीच मारवले. कुत्रं चुकत नव्हतं, आन मी कुत्र्याच्या मागं." एवढं बोलले की त्या दिवशी जेवण कमी जायचं. आपल्या हातून संपलेली गोष्ट आपल्या हातानं परत गुरचरणावर बोलती करायची, एवढा एकच ध्यास त्यांच्या डोक्यात होता. दुसरं काही नाही.

म्हणून त्यांनी शेठशी बोली केली. शेठना बार काढायला पाखरं हवी होती आणि गुरचरणावर पाखरू नव्हतं. मामा म्हणाले, मी तितर पाळतो, मोठे करतो, गुरचरणावर सोडतो. तुम्ही निम्मे मारा, निम्मे तिथंच राहू देत, म्हणजे त्यांची वीण वाढेल. शेठ म्हणाले, ठीक आहे. झालं, बोली पक्की. दिलेला शब्द माणूस पाळतो असं मामांना वाटायचं, हा त्यांचा मोठाच दुर्गुण होता.

डोंगरापलीकडच्या माळांवर तेव्हा अजून तितर होते. डोंगरावरच्या वाडीतल्या कमळीला मामांनी सांगून ठेवलं, "तितराची अंडी कुठंही दिसली तरी खाऊ नको, मोडू नको. माझ्या दारात आन आन ओटीभर तांदूल घेऊन जा." वैशाखात कमळी अंडी घेऊन आली. आम्ही ती खुडूक कोंबड्यांखाली बसवली. पिलं निघाली ती अंगठ्याएवढी, आणि त्यांना खायला लागते वाळवी! म्हणजे सुनेनं सकाळी उठून कुदळीनं वारुळं फोडायची. भाऊ विचारायचा, सासरी काय काम असतं गं तुला? काय सांगू, वाळवी वेचते म्हणून?

पण लळा लागला, खोटं कशाला बोलू. पितळीवर टकटक करून "या या या" म्हटलं की चाळीस पिलं पायांत. मुंगसापासून राखण म्हणून रूबी खुराड्याशी निजायची. मामांनी तिला एकदाच बजावलं, "ही आपली." पुरे झालं. पिलं तिच्या पाठीवर चढायची, कानाखाली शिरायची आणि ती बिचारी श्वाससुद्धा हळू घ्यायची. ते बघून मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. आमची चूक नेमकी तिथंच होत होती, पण इतक्या चांगल्या गोष्टीत चूक कोण शोधतो?

भातकापणी झाली आणि एका रविवारी शेठलोक जीप घेऊन आले. मामांनी सकाळीच टोपल्या नेऊन गुरचरणात उघडल्या होत्या. मी भाकऱ्या घेऊन गेले म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. रूबी वास काढत गेली आणि एका जाळीपाशी थबकली. शेपूट ताठ, पाय उचललेला. शेठनी बंदूक खांद्याला लावली. आता पक्षी भर्रकन उठायचा. तर जाळीतून तितर चालत बाहेर आला, रूबीच्या पायांत शिरला आणि तिथंच दाणे शोधायला लागला. रूबी खाली बसली. मागोमाग आणखी तीन आले. शेठलोक पोट धरधरून हसले. हसून झाल्यावर एकानं लाथेनं पाखरं उडवायला सुरुवात केली. उडालं की बार. नाही उडालं की हातानं उचलून वर भिरकावायचं आणि बार. एक तितर धावत माझ्याकडे आला. माझ्या हातात पितळी होती ना.

"शेठ, निम्मे ठेवायची बोली हाय," मामा म्हणाले.

"अरे मामा, ये तो मुर्गी है," शेठ म्हणाले. "सियार खायेगा, उससे तो हम अच्छे."

आठ दिवस मामा कुणाशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी मी वारुळावरची कुदळ धुऊन ठेवत होते, तेव्हा म्हणाले, "बाय, चूक आपली हाय. आपन त्यांना मानूस गोड लावला. मानूस कडू लागला पायजे."

पुढच्या वर्षी कमळी पुन्हा अंडी घेऊन आली, पण ह्या खेपेला रीत वेगळी. खुराड्याभोवती गोणपाट. बोलायचं नाही, दिसायचं नाही, दाणे मागून टाकायचे. रूबीला पार मिठागरावरच्या झोपडीत नेऊन बांधलं. आणि पाखरं जरा मोठी झाली की रोज संध्याकाळी आरडाओरडा करत त्यांना ढेकळं मारायची. हे काम माझ्याकडे. पहिल्या दिवशी ढेकूळ हातातून सुटेना. मामा मागून म्हणाले, "मार गो बाय. आज तू मारशील तर उद्या ती जगतील." मी मारलं. डोळे मिटून मारलं. महिन्याभरात माझी नुसती चाहूल लागली की पाखरं भिंतीवर धडका द्यायची. मामा म्हणाले, "झ्याक झालं!" मी मोरीत जाऊन रडले आणि तोंड धुऊन भाकऱ्या थापायला बसले.

त्या वर्षी रूबी थबकली की पाखरू असं उठायचं की बघत राहावं. मामा भान विसरून ओरडले, "उडला! बघ गो, उडला!" आणि बार झाला. दिवसभर तेच. शेठ खूश, मामांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले की अशी शिकार कैक वर्षांत मिळाली नाही. निम्मे ठेवायचा शब्द आठवायला त्यांना सवड झाली नाही. पहिल्या वर्षीचे न उडता मेले, दुसऱ्या वर्षीचे उडून मेले. मधला काही रस्ता होता का, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्या दिवशी मामांनी शेठना हात जोडले. म्हणाले, "आता नाय शेठ. कुत्री म्हातारी झाली." खरं तर कुत्री म्हातारी झाली होतीच.

सात पाखरं बंदुकीपासून वाचली होती. मामा रोज सकाळी गुरचरणावर जायचे आणि चहाला आले की तेवढंच सांगायचे, "सात." पौषात पाच झाले. कोल्ह्यानं नेले असतील, नाहीतर कुणाच्या फासात गेले असतील. माघात तीन. मग मामा आकडा सांगायचे बंद झाले. मीही विचारलं नाही. संपलं असणार, म्हाताऱ्याच्या जखमेवर मीठ कशाला चोळा?

वैशाखात मात्र मामा एकाएकी सुधारले. दोन घास जास्त जाऊ लागले. गुरचरणावर जायचे ते एकटेच, रूबीला घरी ठेवून. मी विचारलं, "काय मामा, गुप्तधन सापडलं का?" तर नुसते हसले. मला वाटलं, उन्हाळा मानवला असेल.

अशात एका सकाळी कमळी आली. मामा यायचे होते, आमचे हे मिठागरावर गेलेले. कमळीनं पदराची गाठ सोडून आठ अंडी माझ्यापुढे धरली. अजून कोमट होती. म्हणाली, "वयनी, ह्या वर्षी लय लांब जावं नाय लागलं. इथंच तुमच्या गुरचरनावर, करवंदीच्या जाळीत. मादी बसून व्हती, पार हात लागंपर्यंत हलली नाय."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझं लक्ष चुलीवरच्या कालवणात. मला वाटलं, मामांनी पाळायचं सोडलं खरं, पण एवढी अंडी आयती दारात आली, तर म्हातारा खूशच होईल. कमळीला ओटीभर तांदूळ दिले, वर गुळाचा खडा दिला. अंडी खुडूक कोंबडीखाली बसवली आणि मामांची वाट बघत बसले. हो, आनंदानं बसले. हे लिहितानाही कसंसंच होतं.

मामा आले ते पायरीवरच टेकले. पाणी पुढे केलं, घेतलं नाही. म्हणाले, "बाय, घरटं रिकामं हाय."

"कुठलं घरटं?"

मग त्यांनी सांगितलं. एक जोडी टिकली होती. मादी अंड्यांवर बसली होती. बोभाटा झाला तर पोरं बघायला जातील म्हणून कुणालाच बोलले नव्हते, मलाही नाही. पिलं निघाली की मला नेऊन दाखवणार होते. मी त्यांना खुराड्यापाशी नेलं आणि कोंबडी उचलली. मामांनी बोटानं एकेक अंडं मोजलं. "आठ," म्हणाले. "बरोबर हाय."

अंडी पंच्यात घेऊन मामा गुरचरणाकडे धावले. साठीचा माणूस, भर उन्हात. मागून मी. अंडी घरट्यात होती तशी मांडली आणि आम्ही लांब आंब्याखाली बसलो. दुपार टळून गेल्यावर मादी आली. जाळीपासून दहा पावलांवर थांबली. आम्ही हाललोसुद्धा नाही, पण तिनं आम्हाला पाहिलं आणि उडाली. सरळ, उंच. एवढी सुंदर भरारी मी बंदुकीच्या दिवशीही पाहिली नव्हती. तिला माणूस कडू लागला होता. तो मीच तिला लावला होता, ह्याच हातांनी. दुसऱ्या दिवशी आम्ही आणखी लांब बसलो. ती आली नाही. तिसऱ्या दिवशी मामांनी अंडी हातात घेतली, गालाला लावली आणि जाळीतच ठेवून उठले.

मी कमळीला बोलायला निघाले होते. मामांनी अडवलं. "तिला कायेक बोलू नको. अंडी आन म्हनून मीच सांगलेलं, नको आनू म्हनून सांगायचं मीच इसारलो. आन तुझा पन दोष नाय." ते एवढं म्हणाले खरं, पण म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही.

नर काही दिवस सकाळी बोलायचा. एकटाच, जोडीदारणीला हाका मारत. मग तोही थांबला. आषाढात रूबी गेली. मामांनी तिला मागच्या परसात पुरलं आणि त्यानंतर गुरचरणाची वाट सोडली. रस्त्यानं चालताना गवतात काही वाजलं तरी ते सरळ चालत राहायचे. मला वाटायचं, एकदा तरी थांबावं ह्या माणसानं.

दोन वर्षांनी मामांनी अंथरूण धरलं. दुखणं असं काही नव्हतं, डॉक्टरला सांगता येईल असं. एका सकाळी चहा देताना माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "मामा, वरच्या अंगाला तितर बोलतोय. ऐकलात?" शुद्ध थाप.

"नाय बोलत, बाय," ते म्हणाले. "मना म्हाईत हाय."

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. कप उचलून निघाले तेव्हा मागून हळूच म्हणाले, "पन तू रोज सांगत जा."

मग मी रोज सांगू लागले. आज एक बोलतोय. आज दोन बोलतायत, मामा. आज बघा, डोंगरापर्यंत आवाज चाललाय. मामा रोज डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी मान हलवून म्हणायचे, "नाय."

एका सकाळी मी सांगितलं, आणि ते नाय म्हणाले नाहीत. मी कप खाली ठेवला आणि यांना हाक मारली.