घरटी एक मत

आमच्या मंडळात अध्यक्षपद मागायचं नसतं. कुणीतरी आपलं नाव सुचवायचं, आपण हात जोडून "नको हो, मला कुठं झेपतंय" म्हणायचं, मग पंगतीत जिलबीचा होतो तसा आग्रह व्हायचा, आणि तिसऱ्या खेपेला "आता तुम्ही सगळे म्हणताच आहात तर" असं म्हणून मान तुकवायची. गुढीपाडव्याला टाळ्या, हार आणि फोटो. दोह्यात आम्ही इतकी वर्षं काढली, इतक्या अध्यक्षांच्या गळ्यात हार पडताना पाहिले, पण "मला व्हायचंय" असं एकाच्याही तोंडून ऐकलं नव्हतं. फुटबॉलच्या वर्ल्ड कपच्या वर्षी ते ऐकलं, माझ्याच सोफ्यावर बसलेल्या एका बाईच्या तोंडून.

ती आमच्याच इमारतीत, दोन मजले वर राहायची. नाशिकची, सिव्हिल इंजिनियर. लग्नाआधी एका फर्ममध्ये नोकरी केली, मग नवऱ्याच्या मागे इकडे आली आणि इथल्या ओळखपत्रावर हाउसवाइफ झाली. माझ्याही ओळखपत्रावर तेच लिहिलेलं आहे, पण मी बी.ए. असल्यामुळे मला ते कधी फारसं टोचलं नाही. तिला टोचायचं. गणपतीची आरास तिची, नाटकाचा सेट तिचा, हॉलवाल्याशी हिंदीत आणि लाइटवाल्याशी इंग्रजीत भांडायची तीच. शेवटी आभार मानताना अध्यक्ष म्हणायचे, "आणि सर्व भगिनींचे आभार." त्या सर्व भगिनी म्हणजे ती एकटी, हे आम्हा सगळ्या भगिनींना ठाऊक होतं.

तिचा नवरा स्टेडियमच्या आजूबाजूच्या रस्त्यांखाली पाइप घालायच्या कामावर होता. सज्जन माणूस. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही, निदान तेव्हा तरी म्हणत नव्हते. त्याचं प्रोजेक्ट वर्ल्ड कपच्या आधी खलास होणार होतं आणि नोव्हेंबरात, पहिली मॅच व्हायच्या आत, त्यांना सामान आवरून नाशिकला परतायचं होतं. तेव्हा त्या वर्षीचा पाडवा हा तिचा इथला शेवटचा.

"मला व्हायचंय अध्यक्ष," ती म्हणाली. "इतकी वर्षं इथं मी अमक्याची बायको म्हणून राहिले. जायच्या आधी एकदा माझं नाव माझं म्हणून घेतलं जाऊ दे."

मी चहाचा कप खाली ठेवला. आपण पोटात कावळे ओरडत असले तरी दुसऱ्याच्या घरी "आत्ताच जेवून आलोय" म्हणणारी माणसं. आणि ही सरळ ताट मागत होती.

मंडळात तेव्हा दोन तट होते. अल गराफाचे व्हिलावाले आणि आम्ही अल वक्र्याचे फ्लॅटवाले. अध्यक्ष नेहमी गराफाचा व्हायचा, कारण मीटिंगा त्यांच्याकडे आणि पार्किंगही त्यांच्याकडे. त्या वर्षी आमच्यातल्या पुरुषांना स्फुरण चढलं की या वेळी अध्यक्ष वक्र्याचाच. मेट्रो थेट आमच्याकडे येऊन थांबते, आता आपण काय कमी आहोत, असा काहीसा तो युक्तिवाद होता. पण वक्र्यातून नावं दोन आली, एक तिचं आणि एक, आम्ही सगळे ज्यांना काका म्हणतो, त्यांचं. दोघं उभे राहिले तर मतं फुटणार. म्हणून ठरलं की आधी आपल्या घरांनी आपसात मत घ्यायचं आणि जो येईल तो आपला उमेदवार. बैठक माझ्याकडे, कारण माझा हॉल मोठा.

काकांबद्दल वाईट बोलणं अवघड आहे. वक्र्यात होड्या आणि मासळी यांपलीकडे फार काही नव्हतं, तेव्हापासून ते इथे होते. नवीन आलेल्या प्रत्येकाला विमानतळावरून आणायचं, पहिल्या रात्रीचा वरणभात आपल्या घरून न्यायचा, हे त्यांनी नेमाने केलं. आम्ही आलो त्या आठवड्यात माझी मुलगी तापाने फणफणली आणि माझ्या नवऱ्याला लगेच ऑफशोअर ड्यूटीवर जावं लागलं, तेव्हा काकाच आम्हाला हॉस्पिटलात घेऊन गेले आणि बाहेर बाकावर बसून राहिले. त्यांचं भाषण कंटाळवाणं असायचं, पण त्यावरून कुणी माणसाला नापास करत नाही.

आमच्याकडे मत घरटी एक. मंडळाचं सभासदत्व कुटुंबाचं, कुटुंब नवऱ्याच्या नावावर, कारण व्हिसाही त्याच्याच नावावर. त्यामुळे हॉलमध्ये नवरे हात वर करायचे आणि आम्ही आत वडे तळायचो. त्या शुक्रवारी मात्र माझा नवरा समुद्रात रिगवर होता, आणि आमच्या घराचा हात माझा असणार होता. त्याने फोनवर सांगितलं, "काकांना नाही कसं म्हणणार?" मी म्हटलं, मी कुणालाच नाही म्हणत नाहीये, एकाला हो म्हणायचंय. तो म्हणाला, तेच ते. मुलीला विचारलं तर ती फोनमधून मान वर न करता म्हणाली, "ऑब्व्हियसली आंटी. व्हॉट इज देअर टु थिंक?"

मला मात्र विचार करावा लागला, आणि चांगला आठवडाभर. मैत्रिणीचा मला राग आला होता. काकांची कीव वगैरे काही नव्हती त्यात. हवं ते तोंडाने मागता येतं हे मला या वयापर्यंत सुचलंच नव्हतं, आणि तिला सुचलं, याचा राग. एकदा ते माझं मला कळलं, तेव्हा मत कुणाला द्यायचं हेही कळलं.

शुक्रवारी दुपारी नमाजानंतर मंडळी जमली. रस्त्याचं डायव्हर्जन नेहमीप्रमाणे आदल्या दिवशीपासून बदललेलं होतं, त्यामुळे पहिला अर्धा तास कोण कुठून फिरून आलं यातच गेला. मग काकांचं नाव निघालं. काका "नको, नको" म्हणाले, आग्रह झाला, परत "नको" म्हणाले, आणि मग तुम्ही म्हणताच आहात तर. सगळं रीतसर. मग ती स्वयंपाकघराच्या दारातून हॉलमध्ये आली आणि म्हणाली, "मलाही उभं राहायचंय." दुसरं काही बोलली नाही. कुणी तिला आग्रह करू शकलं नाही, कारण तिने आग्रहाला जागाच ठेवली नव्हती. एकाने तिच्या नवऱ्याला गमतीत विचारलं, काय साहेब, घरून परवानगी आहे ना. सगळे हसले, तोही हसला. दुसरा म्हणाला, वहिनींची फार धावपळ होईल. गणपतीत तिने काय केलं होतं ते त्या गृहस्थाने पाहिलेलं होतं, तरी म्हणाला.

मत हात वर करूनच. आधी काकांसाठी. हात वर जायला लागले. खुद्द काकांनी कान खाजवल्यासारखं करत हात वर नेला आणि तिथेच ठेवला. हे होईस्तोवर, तिचा नवरा सोडला तर, बरोबर अर्धी खोली त्यांच्या बाजूची होती आणि अर्धी नव्हती. मग तिच्या नवऱ्याने इकडेतिकडे पाहिलं, काकांकडे पाहून जरा ओशाळं हसला आणि हात वर केला.

ती वड्यांचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे टीपॉयवर ठेवला, नीट, मधोमध. मग तिच्यासाठी हात मागितले गेले. मी वर केला. आणखी तिघांनी केले, त्यातल्या एकाकडून तर मला मुळीच अपेक्षा नव्हती. ती एका मताने हरली. काकांनी नमस्कार केला आणि चटणी छान झालीय असं म्हणाले.

नंतर तिचा नवरा रिकामा कप ठेवायला स्वयंपाकघरात आला. ती सिंकपाशी होती, मी बाजूला. मी निघून जायला हवं होतं, पण कढईखाली गॅस चालू होता.

"आपणच आपल्या घराला मत देणं बरं दिसलं नसतं," तो म्हणाला. "लोक काय म्हणाले असते?"

"लोकांनी दिली की मतं," ती म्हणाली. "घरातलं तेवढं पडलं नाही."

तो काहीतरी बोलणार होता, पण बाहेरून त्याला हाक आली. तो गेला. तिने कप विसळला.

पुढचं सांगायचं तर पाडव्याच्या सभेत गराफाच्या मंडळींनी काकांना बाजूला घेतलं. बिनविरोधची परंपरा आपल्या हातून मोडायला नको, असं काहीसं बोलणं झालं, आणि काकांनी नाव मागे घेतलं. त्यांना सल्लागार केलं. अध्यक्ष गराफाचाच झाला, टाळ्या वाजल्या, वक्र्याच्या पुरुषांनीही वाजवल्या. ज्या उमेदवारासाठी आम्ही तो शुक्रवार घालवला तो सभेत निवडणुकीपर्यंत टिकलाच नाही.

ती भांडली नाही. फक्त गणपतीला कशालाच हात लावला नाही. हिरवी रेशमी साडी नेसून दुसऱ्या रांगेत बसली आणि कार्यक्रम पाहिला. मखर एका बाजूला कललं होतं आणि माइक दोनदा बंद पडला. शेवटी सर्व भगिनींचे आभार मानले गेले. मी तिच्याकडे पाहिलं तर ती टाळ्या वाजवत होती.

नोव्हेंबरात रस्ते लख्ख झाले, उंच इमारतींवर खेळाडूंची भली मोठी चित्रं चढली आणि वरच्या मजल्यावरून खोकी खाली यायला लागली. शेवटच्या दिवशी लिफ्टपाशी तिचा नवरा बॅगांशेजारी उभा होता. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "वहिनी, मला वाटलं होतं ती समजून घेईल."

"समजलंय तिला," मी म्हटलं.

लिफ्ट आली. आम्ही दोघांनी मिळून बॅगा आत ढकलल्या.

त्यानंतर वर्षभराने तिचा फोन आला. नाशिकला त्यांनी नवा फ्लॅट घेतला होता. परत जाण्यासाठी तिने एकच अट घातली होती म्हणे, फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर. त्यामुळे सोसायटीची मेंबर ती. अध्यक्षपदाची मीटिंग लागली, तिने तिथेही सरळ सांगितलं की मला व्हायचंय, आणि समोर एक निवृत्त साहेब उभे राहिले.

"नवरा कुठं होता?" मी विचारलं.

"खाली पार्किंगमध्ये थांबला होता. मेंबर नाही ना तो, आत कसा येणार? सेक्रेटरी म्हणाले, बाजूने कोण कोण? पहिला हात मी वर केला."

"मग?"

"आले की निवडून. एका मताने."

मला इतका आनंद झाला की फोन ठेवल्यावर मी उगाचच घरभर फिरले. माझा नवरा रिगवरून कालच आला होता आणि सोफ्यावर पडून जुनी मॅच बघत होता. त्याला सगळं सांगितलं. तो मनापासून म्हणाला, अरे वा, छान झालं, डिझर्व्ह करते ती.

मी विचारलं, "उद्या मी मंडळात उभी राहिले, तर तू मला मत देशील?"

त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. थट्टा नव्हती, खरंच विचार करत होता बिचारा.

"तू कशाला उभी राहशील?" तो म्हणाला.