शामरावकाकांचं बक्षीसपत्र आणि बगीच्यातला बेंच

मृत्युपत्रं करून देणाऱ्या वकिलाकडे रडके किस्से साठत असतील, असं लोकांना वाटतं. माझं उलटंच झालंय. म्हातारी माणसं मरणाचं बोलायला बसली की अशी काही रंगात येतात, की मला पाणी पिण्याच्या निमित्तानं आत जाऊन हसून यावं लागतं.

त्यातले निम्मे किस्से नागपुरातल्या, जरीपटक्यातल्या बगीच्याच्या एका बेंचचे. तिथं रोज सकाळी चौघं बसतात. त्यातल्या शामरावकाकांच्या मागे त्यांचा मुलगा विनोद लागला होता, "बाबा, घर माझ्या नावानं बक्षीसपत्र करून द्या." काका एकटे, अन् घर तेवढं एकच. देऊन टाकलं आणि उद्या पोरानं बाहेर काढलं, तर जायचं कुठं? काकांची झोप उडाली. ते पाहून बाकीच्या तिघांनाही धडकी भरली आणि सगळी फौज माझ्या ऑफिसात येऊन बसली.

*

पहिले धनराजकाका. मी सांगितलं, "मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. तुमच्याहून तरुण आणि धडधाकट आणा. उद्या त्यांना कोर्टात उभं राहावं लागेल."

दुसऱ्या दिवशी काका एका आजोबांना हाताला धरून घेऊन आले. हातात काठी, कानात मशीन, दोन पायऱ्या चढून धाप लागलेली. मी म्हटलं, "काका, तरुण सांगितला होता ना?"

"तरुणच तर हाय वं. माह्यापेक्षा दोन वर्षांनं लहान हाय. शायेत मी याले मारत होतो."

*

मग बापू. मृत्युपत्र करताना माणूस पूर्ण शुद्धीत होता, असं डॉक्टरांचं सर्टिफिकेट सोबत असलेलं बरं, म्हणून मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आज वार कोणता?"

"काहून, तुमच्या घरी कॅलेंडर नाही काय?"

डॉक्टर बिचारे सभ्य. "बरं, शंभरातून सात गेले, तर किती उरले?"

"गेले कुठं? आधी ते सांगा."

डॉक्टरांनी मुकाट्यानं सर्टिफिकेट लिहून दिलं. बाहेर पडताना मला हळूच म्हणाले, "यांना कोण फसवणार आहे?"

*

कुसुममावशींना मी सुचवलं, सही करताना व्हिडिओ काढून ठेवू, नंतर भांडणं नकोत. मावशींनी नातीच्या लग्नातलाच व्हिडिओवाला बोलावला. स्वतः पैठणी नेसून, गजरा माळून आल्या. मी म्हटलं, जाऊ दे, हौस आहे.

आठवड्यानं पेनड्राइव्ह आला. सुरुवातीला सनई. मग गुलाबाच्या फुलातून मावशी उमलल्या. सही केली तशी वरून पाकळ्यांचा पाऊस. मी कपाळावर हात मारला. "मावशी, हे कोर्टात दाखवायचं?"

"मंग? जजसाहेबालेही बरं वाटन. दिवसभर भांडणंच पाहून राहिले ते."

*

शेवटच्या दुखण्यात कोणते उपचार नकोत, तेही आधी लिहून ठेवता येतं, हे कळल्यावर धनराजकाका पुन्हा हजर. एकेक सांगत गेले, मी लिहीत गेले. व्हेंटिलेटर नको. नळ्या नको. आयसीयू नको.

"अन् कूलर बंद करायचा नाही."

मी म्हटलं, "काका, कूलर उपचारात येत नाही."

"तू मे महिन्यात बिनाकूलरचं झोपून पाय, मंग सांग." थोडा विचार करून पुढे म्हणाले, "टाकीत पाणी पोरगा भरन, हेही लिही. नाही तं नुसता पंखा फिरवत ठेवन तो."

*

शामरावकाका सगळ्यात शेवटी आले. सोबत विनोद. त्यानं येतानाच कागद टाईप करून आणला होता.

मी काकांना समजावलं. "द्यायचंच असेल तर त्यात अट घाला. मुलगा तुम्हाला याच घरात शेवटपर्यंत सांभाळेल. नाही सांभाळलं, तर घर परत मागता येतं. अट नसली तर हात चोळत बसाल."

विनोदचा चेहरा पडला. "मॅडम, बाप-लेकात कसल्या अटी? रक्ताचं नातं हाय. भरोसा नावाची काही चीज असते की नाही?"

काका खाली मान घालून बसले. पोरगं नाराज होईल म्हणून हा माणूस आता सही करणार, असं मला वाटलं आणि विनोदचा असा संताप आला, की टेबलावरचं पेन मी उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं.

काकांनी मान वर केली. "पोरगा बरोबर बोलून राहिला, मॅडम. भरोसा असला तं अट काहाले पाहिजे? तुम्ही दोन कागद बनवा. माह्यं घर याच्या नावानं. अन् याचा बेसा रोडवरचा फ्लॅट माह्या नावानं. दोन्ही बिनाअटीचे."

विनोदनं खुर्ची माझ्याकडे ओढून हळूच विचारलं,

"मॅडम, ते अट म्हणत होत्या तुम्ही... ती फक्त फ्लॅटवाल्या कागदात टाकता येते काय?"