चारच जागा

आमच्या ऑफिसात त्याला नावाने कुणी हाक मारत नाही. सगळे कंडक्टरच म्हणतात, आणि तोही ओ देतो. आता प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या ऑफिसात कंडक्टर कशाला लागतो, तर आमच्याकडे एक मशीन आहे, बिल्ड सर्व्हर. माणसं आपापल्या टेबलावर प्रोग्रॅमचे तुकडे लिहितात. ते तुकडे जोडायचे, तपासायचे आणि गिऱ्हाइकाच्या हातात देता येईल असा अख्खा प्रोग्रॅम बाहेर काढायचा, हे त्या मशीनचं काम. बटण दाबलं की काम सुरू. नीट झालं की पडद्यावर हिरवा दिवा, फसलं की लाल. या मशीनचा सांभाळ कंडक्टरकडे.

पूर्वी या मशीनवर कुणीही यायचा आणि हवी तितकी कामं टाकून जायचा. ज्याला त्याला आपलंच घोडं पुढे दामटायचं. मशीन बापडं सगळ्यांना हो म्हणायचं, आणि मग एक ना धड भाराभर चिंध्या. ढीगभर कामं एकदम सुरू, एकही पुढे सरकत नाही, आणि शेवटी दमून सगळीच आडवी. एका सोमवारी त्याने मर्यादा घातली. एका वेळी चार कामं. पाचवं आलं की बाहेर रांगेत. केवढा आरडाओरडा झाला! त्याने शांतपणे सांगितलं, "जागा नाही. मागची गाडी रिकामी आहे." तेव्हापासून हे नाव त्याला चिकटलं.

मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसते. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून पोट भरते, त्यामुळे रांगेत सगळ्यात जास्त ताटकळणारी मीच, आणि माझा राग तर नाकाच्या शेंड्यावर. पहिला आठवडा मी त्याच्याशी बोलले नाही. रांगेत थांबूनही कामं आता पूर्वीपेक्षा लवकर होतात हे कळल्यावर बोलायला लागले, पण तसं तोंडाने कबूल केलं नाही. उगाच कशाला चढवून ठेवायचं?

माणूस मोठा मजेशीर. अंगाने भरलेला, पण लिफ्टमध्ये चौघं उभे असले की हा पाचवा शिरायचा नाही. जिन्याने येणार आणि धापा टाकत सांगणार, "व्यायाम होतो गं." घाई म्हणून कशाची नाही. त्याचा चहासुद्धा गार झाल्याशिवाय त्याच्या पोटात जात नसे.

घरी तो एकटा. आई आणि ताई दूर दुसऱ्या गावात राहतात. ताईचं खाली शिवणकामाचं दुकान, आई वरच्या खोलीत. आईला काचबिंदू झालेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती वाचवायची तर ऑपरेशन लवकर करा. हे सगळं मला ठाऊक, कारण रोज जेवण झालं की त्याचा घरी फोन, आणि कानांना काही पापण्या नसतात.

"ताई, तू तारीख घे. तारीख कळली की मी लगेच रजा टाकतो."

ताईचा आवाज शिलाई मशीनच्या वरताण. "अरे, पण आई हो म्हणू दे ना आधी! ती हो म्हणाली की मी दुकान बंद ठेवून तारीख आणते. ती म्हणते, त्याचं काम उरकू दे."

मग फोन आईकडे. "मला नाही रे घाई. तू मोकळा झालास की सांग."

"मी मोकळाच आहे आई. फक्त तारीख कळू दे."

की ठेवला फोन. हे भिजत घोंगडं किती महिने पडलं होतं कोण जाणे. भांडण नाही, तंटा नाही. तिघांचा एकमेकांवर जीव. मला मात्र ऐकून ऐकून चीड यायची, कारण डोळा काही कुणाची वाट बघत थांबला नव्हता.

नवा प्रोग्रॅम गिऱ्हाइकाला द्यायचे दिवस आले. त्या सकाळी मी एक काम टाकलं आणि रांगेत थांबले. जेवणाची वेळ झाली तरी माझं काम जागचं हललं नाही. नवल म्हणजे कुणी तक्रारही केली नव्हती. थांबायची सवय या बाबानेच सगळ्यांना लावलेली! मी त्याच्या पडद्यावर डोकावले. चारही जागांसमोर "चालू आहे" असं लिहिलेलं, लाल दिवा कुठेच नाही. पण मशीनवर किती भार आहे हे दाखवणारी रेघ सपाट.

"अरे, तुझं मशीन झोपलंय."

त्याने चष्मा पुसला आणि बराच वेळ बघत राहिला. तेवढ्यात साहेब आले, त्यांच्या मागे चार-पाच जण. साहेब म्हणाले, "काय बिघडलंय?"

"बिघडलेलं काहीच नाही. आपली मोठी कामं लेकुरवाळी असतात. एक मोठं काम सुरू झालं की ते आपली छोटी कामं रांगेत पाठवतं, आणि ती पुरी होईपर्यंत स्वतः जागा धरून बसतं. एरवी असं एखादंच असतं. आज चारही जागांवर लेकुरवाळीच येऊन बसलीत. ती पोरांची वाट बघतायत, आणि पोरं बाहेर जागेची वाट बघतायत."

"मग मर्यादा काढून टाक. वीस कर."

"मग उद्या वीस लेकुरवाळी येऊन बसतील, साहेब. यातल्या कुणाला तरी उठवायला हवं. ज्याला उठवू त्याचं सकाळपासूनचं सगळं पाण्यात."

झालं! "आमचं नको, त्यांचं उठव." जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवायला लागला. कंडक्टरने खुर्ची पुढे ओढली. चारांतलं एक काम त्याचं स्वतःचं होतं, बरेच दिवस मांडणी करून आणलेलं. त्याने ते बंद केलं. एक जागा मोकळी झाली. तिथे एक छोटं काम आलं, संपलं, दुसरं आलं. थोड्या वेळाने पहिलं मोठं काम हिरवं होऊन उठलं आणि गुंता भराभर सुटत गेला. संध्याकाळपर्यंत त्याने मशीनला नवा नियमही शिकवला. वाट बघणाऱ्याने जागा अडवायची नाही, बाहेर थांबायचं.

स्वारी खुशीत होती. दुपारचा राहिलेला फोन त्याने तेव्हा लावला. "काय गं ताई, तारीख घेतलीस? ... बरं. आई काय म्हणते? ... हो, मीही त्यासाठीच थांबलोय."

त्याने फोन ठेवला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही तिघंही जागा धरून बसलायत. लाल दिवा कुठेच नाही, आणि डोळा चाललाय."

त्याचा चेहरा उतरला. "तुला काय कळतंय आमच्या घरातलं?" इतक्या वर्षांत त्याचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. पडदा बंद करून तो निघून गेला. मला वाईट वाटलं. पण फोन करून शब्द मागे घ्यावेत असं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची खुर्ची रिकामी. माझ्या फोनवर त्याचा निरोप होता. 'गाडीत बसलोय. तारीख नाही, रजाही मंजूर नाही. मशीन तू बघ. चारच.' ऐन गर्दीत गेला म्हणून साहेब दिवसभर धुसफुसत होते. माझ्याकडे मात्र जो येईल तो लोणी लावायला. "माझं एकच घुसव ना गं." मी सांगायची, मागची गाडी रिकामी आहे.

चार-पाच दिवसांनी त्याचा फोन आला. मागे दवाखान्यातली गडबड ऐकू येत होती.

"झालं ऑपरेशन. डॉक्टरांच्या दारात दिवसभर बसून राहिलो, तेव्हा जागा मिळाली. उजवा डोळा वाचेल म्हणतात."

"आणि डावा?"

"डावा गेला. थोडं आधी आणलं असतं तर, म्हणाले." मग तो म्हणाला, "ऐक ना. मी दारात उभा राहिलो आणि म्हटलं, आई, चल. तिने एक शब्द विचारला नाही. वाकून कॉटखालून पिशवी ओढली. भरलेली. ताईलाही पत्ता नव्हता."

"तयारीत होत्या म्हणजे."

"इथे आल्यावर मी ती उघडली. टॉवेल, कपड्यांचे दोन जोड, कंगवा आणि डबीत साबणाची वडी. त्या वडीला वाळून वाळून भेगा पडल्या होत्या गं."

"तू विचारलं नाहीस त्यांना?"

"विचारलं. म्हटलं, आई, रोज फोनवर विचारत होतो, तर घाई नाही म्हणायचीस. तर म्हणाली, विचारत होतास रे. न्यायला कुठे आला होतास?"