लूमची तार

निवृत्त झाल्यापासून लोक माझ्याकडे खुनाच्या, दरोड्याच्या गोष्टी मागतात. मला मात्र राहून राहून एक जबाब आठवतो. तो मीच माझ्या हाताने लिहिला होता आणि तो साफ खोटा होता.

तेव्हा मी भिवंडीत होतो, नोकरीची शेवटची दोन वर्षं. सकाळी इस्पितळातून खबर आली, की कामतघरचा एक लूम कारागीर, म्हणजे यंत्रमागावरचा कामगार, उंचावरून पडून दाखल झालाय, कंबरेला जबर मार आहे. अशा खबरा आमच्याकडे नेहमीच्याच. मी गेलो. कारागीर मूळचा आतल्या गावाकडचा, पस्तिशीचा, छताकडे बघत पडलेला. शेजारी इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण होता. "मी शेठचा माणूस," म्हणाला. मी प्रश्न कारागिराला विचारायचो आणि उत्तर हा द्यायचा. तेव्हाच कान टवकारायला हवे होते. पण मला कंटाळा आला होता. मी लिहून घेतलं: 'लूमवर काम करताना तार तुटली, त्यामुळे तोल जाऊन पडलो.' कारागिराने सही केली. पोलीस ठाण्यात येऊन डायरीला नोंद केली आणि विषय संपवला.

दोन दिवसांनी ठाण्यात फोन आला. मानकोलीच्या कुठल्याशा गोदामाचा वॉचमन होता, नाव सांगेना.

"साहब, बाजूवाले गोदाम में लकड़ी का हवाई जहाज बनाया था. आदमी लोग को ऊपर लटका रहे थे. एक गिर गया, तो सब सामान भर के भाग गए."

मी फोन ठेवून हसलो. "मानकोलीत आता विमानं बनायला लागली, त्यातून माणसंही पडतात," असं हवालदाराला म्हणालो. हवालदार टेमघरचा. त्याच्या वडिलांच्या एकेकाळी आठ लूम होत्या. तो हसला नाही. त्याने कपाटातून तो जबाब काढला.

"साहेब, हे तुम्ही लिवलंय?"

"का? काय झालं?"

"लूमची तार म्हणजे सूत, साहेब. ताण्याचा एक उभा धागा. दिवसातून शंभर वेळा तुटते. कारागीर गाठ मारतो आणि लूम चालू करतो. तार तुटली म्हणून माणूस कसा पडंल?"

इतके महिने लूमच्या त्या खटखटाटात काढले, आणि मला हा साधा शब्द माहीत नव्हता. मला लाज वाटली. खरं सांगायचं तर आजही वाटते.

आम्ही पंच घेऊन मानकोलीला गेलो. गोदाम रिकामं होतं. कोपऱ्यात प्लायवुडचे गोल खिडक्या कापलेले तुकडे पडले होते आणि वर गर्डरच्या कप्पीला वीतभर पोलादी तार लोंबत होती, टोकाला उसवलेली. पंचनामा झाला. परतताना हवालदाराने मोबाईलवर एक व्हिडिओ शोधून दाखवला. एका नव्या गेमची जाहिरात होती. गेम जिंकणाऱ्याला कंपनी खास विमानातून नेणार. ते विमान उंच जाऊन असं काही खाली झुकतं, की थोडा वेळ आतल्या माणसाला वजनच राहत नाही, तो हवेत तरंगतो. आणि पहिला विजेता म्हणून भिवंडीचा एक लूम कारागीर तरंगत होता, हातात मोबाईल, तोंडभरून हसत. तोच तो.

इस्त्रीच्या शर्टवाल्याला ठाण्यात बोलावलं. दोन तास त्याचं एकच पालुपद, लूमची तार तुटली. शेवटी मी शांतपणे विचारलं, "लूमची तार केवढी जाड असते रे?"

त्याने करंगळी दाखवली.

हवालदाराने खिशातून पांढऱ्या सुताचा धागा काढून टेबलावर ठेवला. "ही घ्या लूमची तार. तोडून बघा."

धागा तुटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. मग मात्र तो भडाभडा बोलला. तो शेठचा नव्हे, जाहिरातवाल्यांचा माणूस. विमान वेळेत मिळालं नाही, म्हणून गोदामातच माणूस तारेने टांगला. पडण्याआधी जेवढं चित्रण झालं, त्यातली तार कॉम्प्युटरवर पुसून त्यांनी जाहिरात लगेच सोडलीही. इस्पितळात 'तार तुटली' हे कारागिराच्या तोंडून निघून गेलं आणि याने त्या शब्दाला लूम जोडून दिली.

खरा जबाब घ्यायला पुन्हा इस्पितळात गेलो, तर कारागीरच हटून बसला. "न्हाय साहेब. मी इमानातच व्हतो."

खाटेशी त्याची मुलगी बसली होती, नऊ-दहा वर्षांची. "पप्पा इमानात उडले," ती मला म्हणाली. "शालेत सगल्यांना व्हिडिओ दावला मी." माणूस कोणापासून लपवतोय, ते मला तेव्हा कळलं.

मी तिला चहा आणायला पाठवलं. "तुला कंबरेखाली काही कळत नाही," मी म्हणालो. "तू खरं सांगितलं नाहीस तर ते भरपाई न देता सुटतील आणि तू असाच पडून राहशील. तिच्या डोळ्यांसमोर."

त्याने मुलगी गेल्याची खात्री केली. मग सगळं सांगितलं. मी लिहून कागद पुढे केला, तर म्हणाला, "साहेब, अजून येक लिवा. तार तुटायच्या आदी मी हवेत व्हतो. ते खोटं न्हाय."

"किती वेळ?"

"दोन मिंटं असतील. आंग एकदम हलकं झालंवतं."

मी तेही लिहिलं. निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. सरकारी वकिलांनी नंतर विचारलं, हे वाक्य कशाला, याचा गुन्ह्याशी काय संबंध? मी म्हणालो, राहू द्या. पहिल्या जबाबात त्याचं स्वतःचं असं काहीच मी लिहिलं नव्हतं. खटला अजून चालू आहे. मी निवृत्त झालो, तो कुबड्यांवर आला. नव्या पोरांना मी एवढंच सांगतो, की समोरच्याच्या धंद्यातला शब्द आला की आधी त्याचा अर्थ विचारा, मग लिहा.

त्या दिवशी सही घेऊन वळलो, तर मुलगी चहाचे कप घेऊन दारात उभी. तिने सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"खरंच दोन मिंटं, पप्पा?"

बापाने मान डोलावली. तिने पहिला कप त्याच्या हातात दिला.