चोवीस शब्द आणि एक खंजिरी

ती घटना आजही आठवली की मला आधी हसू येतं, आणि हसू ओसरायच्या आत कानात खंजिरीचा ठेका सुरू होतो. नोकरीत खून बघितले, दरोडे बघितले, पण लग्नाच्या पंगतीत कुणी ‘साहेब, एखादी केस सांगा’ म्हटलं की माझ्या तोंडून हीच निघते. बायको म्हणते, पुरे आता. तरी सांगतो.

निवृत्तीआधीची माझी शेवटची नेमणूक अमरावतीत सायबर गुन्ह्यांच्या तपासावर होती. जन्मभर कडी-कोयंडे आणि पावलांचे ठसे बघितलेल्या माणसाला असल्या खोलीत बसवलं, जिथले चोर ना भिंत चढतात, ना कुत्र्याला बिचकतात. पहिले काही महिने मी नुसत्या माना डोलावल्या. हाताखालची तरुण पोरं समजावून सांगायची, मी ‘हूं, बरोबर’ म्हणायचो.

अशातच एका सकाळी एक काका ठाण्यात आले. मोर्शीकडे संत्र्याची बाग, राहायला अमरावतीत, आणि आपल्या भागातल्या भजनी मंडळाचे मुख्य गायक. आवाज असा, की स्वागत कक्षात बोलले तरी मागच्या मुद्देमाल खोलीत ऐकू जावं. सोबत त्यांची मुलगी होती. तिचे डोळे रडून लाल झालेले होते.

“साहेब, बिटकॉइन गेले माहे,” काका म्हणाले. “सारेच्या सारे. अन् कोण नेले तेबी मी सांगतो. लिहून घ्या. माहा होणारा जावई.”

मुलगी पटकन म्हणाली, “बाबा, तुमी उगीच नाव घेऊन राहिले!”

हकिकत अशी होती. बागेच्या चांगल्या हंगामातला थोडा थोडा पैसा काकांनी काही वर्षं बिटकॉइनमध्ये घातला होता. जावई अकोल्याचा, तिथं एका कॉलेजात संगणक शिकवायचा. त्यानं साखरपुड्याच्या वेळी सासऱ्यांना बजावलं, की हे सगळं व्यवहाराच्या ॲपवर पडू देऊ नका, हार्डवेअर वॉलेट घ्या. म्हणजे पेनड्राइव्हएवढं एक छोटं मशीन. त्यानं ते स्वतः मागवून दिलं, शेजारी बसून सुरू करून दिलं. आता मोबाईलवर बघितलं तर शिल्लक शून्य, आणि मशीन मात्र कपाटात, लाल कापडात गुंडाळलेलं, जसंच्या तसं.

कुलूप शाबूत, कपाट शाबूत, मशीनसुद्धा शाबूत, आणि आतला माल गायब. माझ्या जुन्या डोक्याला हे काही केल्या पचेना.

गुन्हा नोंदवला, जबाब घेतला, आणि जावयाला अकोल्याहून चौकशीला बोलावलं. पोरगा सरळ होता. घाबरलेला नव्हता, दुखावलेला होता. तपासात या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. घाबरलेला माणूस तुमच्याकडे बघतो, दुखावलेला खिडकीकडे.

“मशीनमध्ये पैसे नसतातच, सर,” त्यानं मला शिकवायला घेतलं. “त्याच्यात फक्त किल्ली असते. मशीन सुरू केलं की ते आपल्याच पडद्यावर चोवीस इंग्रजी शब्द दाखवते. ते शब्द म्हणजे खरी किल्ली. मशीन जळलं, हरवलं तरी दुसऱ्या मशीनमध्ये तेच शब्द त्याच क्रमानं टाकले की सारं परत येते.”

“आणि ते शब्द दुसऱ्या कुणाला मिळाले तर?”

“तर त्याले मशीन चोरायची गरजच नाही.”

“तुम्ही बघितले होते शब्द?”

“नाही. शब्द दिसाच्या वेळी मी उठून बाहेर अंगणात जाऊन बसलो. मशीन मी थेट कंपनीकडून मागवलं, सील काकांच्या हातून फोडलं. सेकंडहँड घ्यायचं नाही, डब्यात आधीच छापलेले शब्द आले तर ते मशीन वापरायचंच नाही, शब्दांचा फोटो काढायचा नाही, मोबाईलमध्ये टाइप करायचे नाही, हातानं लिहून वेगळ्या जागी ठेवायचे. हे सारं त्यायले सांगितलं होतं.” मग तो खिडकीकडे बघत म्हणाला, “सर, तिथी काढून झाली. पण खरा चोर सापडल्याबिगर मी त्या मांडवात उभा राहत नाही. लोकं अक्षता टाकतील अन् मनात चोर म्हणतील, हे मले जमणार नाही.”

बाहेर बाकावर ती मुलगी बसलेली होती. मला बघून उठली. “साहेब, लवकर काही तरी करा,” म्हणाली. “तिकडे माहा बाप अडून बसला, इकडे हा. मी कोणाकोणाले समजावू?”

त्या क्षणापासून माझ्यासाठी बिटकॉइनची केस संपली आणि त्या पोरीच्या लग्नाची केस सुरू झाली. खरं सांगतो, मलाही मुलगी आहे.

काकांना पुन्हा बोलावलं. विचारलं, “शब्द कुणाला सांगितले?”

“कोणालेच नाही. देवाशपथ.”

“लिहून कुठं ठेवले?”

“लिहून ठेवलेला कागद मी पाठ झाल्याबरोबर चुलीत टाकला,” काका अभिमानानं म्हणाले. “कागद सापडते साहेब. डोकं सापडत नाही.”

मी कपाळाला हात लावला. या वयात चोवीस परके शब्द क्रमानं पाठ करणारा माणूस पहिल्यांदाच बघत होतो. जबाब आमच्या एक महिला हवालदार लिहून घेत होत्या. त्या काकांच्याच गल्लीत राहायच्या. त्यांचं पेन थांबलं.

“साहेब,” त्या दबकत म्हणाल्या, “काका रोज सकाळी अंगणात एक इंग्रजी भजन म्हणतात. माझा मुलगा त्याच्यावर नाचत शाळेची तयारी करतो. ते हेच तर नसेल?”

काका एकदम खुलले. “हो ना! नुसतं पाठ कसं होईन? आमाले तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजातल्या प्रार्थनेचं वळण. चालीवर बसवलं की जन्मात विसरत नाही.”

“म्हणजे तुम्ही सगळ्या गल्लीला सांगितलं!”

“सांगितलं कुठी? गायलो!”

याला म्हणतात साक्षीदार. खोटं एक अक्षर बोलला नाही आणि खरं एक अक्षर कळू दिलं नाही. आमच्या वऱ्हाडात गावोगावी भजनी मंडळं. खंजिरी हातात घेतली की माणूस कशालाही चाल लावतो. दुसऱ्या कुठल्या मुलुखात कुणी तिजोरीच्या किल्लीला चाल लावली असेल असं मला वाटत नाही.

आता संशयित कोण? एका जावयाऐवजी सगळी गल्ली, वर मंडळ. पण गाणं ऐकणं वेगळं आणि ते किल्ली आहे हे माहीत असणं वेगळं. ते कुणाला माहीत होतं? मी मुलीला विचारलं, तर कळलं, साखरपुड्याच्या पंगतीत रोडगे आणि वांग्याची भाजी खाता खाता जावयानं मोठ्या हौशीनं दहा माणसांना हे चोवीस शब्दांचं प्रकरण समजावलं होतं. दोघंही सज्जन. एकानं कुलूप कसं उघडतं ते सांगितलं, दुसऱ्यानं किल्ली गाऊन दाखवली.

आणि मग टिप आली. मी अकोल्यात नेमणुकीवर होतो तेव्हापासून तिथला मोबाईलच्या सामानाचा एक दुकानदार माझा जुना खबऱ्या होता. त्याच्या कानावर मी सहज ही गोष्ट घालून ठेवली होती. त्याचा फोन आला.

“साहेब, मागं एक माणूस आलता अमरावतीचा. हार्डवेअर वॉलेट मागवून पाह्यजे म्हणे. मले विचारे, आपल्यापाशी शब्द असन तर नव्या मशीनवर चालते का? मी म्हटलं, आपलेच शब्द असन तर चालते. तर म्हणे, आपलेच समजा.”

“दिसायला कसा?”

“दिसाले साधा. पण बोलता बोलता माह्या काउंटरची काच वाजवत होता. थांबेच ना. मस्त ठेका होता पण!”

काकांच्या मंडळात खंजिरी वाजवणारा एकच होता. त्याचं बिछायत केंद्र होतं, म्हणजे मांडव, गाद्या, सतरंज्या भाड्यानं द्यायचा धंदा. साखरपुड्याच्या पंगतीतही तो होता. आणि गंमत म्हणजे, त्या लग्नाच्या मांडवाची ऑर्डर त्यानंच घेतलेली होती.

त्याला बोलावून घेतलं. चहा दिला, आलूबोंडा दिला. माझ्या अनुभवात भरल्या पोटी माणूस खोटंही निवांत बोलतो, आणि निवांत बोललेल्या खोट्याच्या भेगा लवकर दिसतात.

“मले काय ठाऊक साहेब?” तो म्हणाला. “मी सातवी शिकलेला. इंग्रजी मले येत नाही. काका काय म्हणते तिकडे माहं ध्यानच नसते. माहं ध्यान ठेक्यात.”

“त्यातला एकही शब्द आठवत नाही?”

“एकबी नाही.”

बोटं मात्र माझ्या टेबलाच्या कडेवर वाजत होती. मी बघितलं आणि ठरवलं. काकांकडून चाल आणि शब्द मी आधीच समजून घेतले होते. खरे शब्द इथं देत नाही; ते वॉलेट आता रिकामं आहे, तरी असली सवय वाईट. नमुन्याचे देतो. मी खुर्चीत रेललो आणि गायला लागलो. “डाँकी, टोमॅटो, लॅडर, कॉटन...”

माझा आवाज कसा आहे ते माझ्या घरच्यांना विचारा. शेजारच्या खोलीतून एक शिपाई डोकावून गेला. खंजिरीवाल्याचा चेहरा आंबट झाला. मी पुन्हा गायलो. या वेळी ‘कॉटन’ आधी आणि ‘लॅडर’ मागे, ठेकाही एक मात्रा सोडून. त्यानं डोळे मिटून घेतले. तिसऱ्यांदा मी ‘टोमॅटो’ लांबवला. लांबवला म्हणजे पार परतवाड्यापर्यंत नेला.

“बस्स करा ना साहेब!” तो उठूनच उभा राहिला. “काहून त्या चालीचा जीव घेऊन राहिले? टोमॅटो आखूड आहे! डाँकी, टोमॅटो, तिथं सम. मंग लॅडर, कॉटन, विंडो, अन् मंग अम्ब्रेला वरच्या पट्टीत!”

आणि टेबलावर ठेका धरून त्यानं सगळेच्या सगळे शब्द क्रमानं म्हणून दाखवले. एक चुकला नाही. संपल्यावर त्यानं शेवटची थाप मारली, माझ्याकडे बघितलं, हवालदारबाईंकडे बघितलं, आणि हळूच खाली बसला.

“मस्त झालं,” मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

तो म्हणाला, “चाल माही आहे, साहेब. काकानं शब्द आणले, चाल मी बसवली. लोकं टाळ्या काकाले देते. मले वाटलं, अर्धं तं माहंच आहे.”

“अर्धं होतं, तर सगळं का नेलं?”

त्यानं टेबलावरची बोटं काढून मांडीवर घेतली.

पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही, आणि गाऊन दिलेली तर नाहीच. तिथं जप्ती बोलते. पंच घेऊन गेलो. गोदामात सतरंज्यांच्या थप्पीत त्याचं मशीन सापडलं. सातवीच्या इंग्रजीवर त्याचं भागलं होतं, कारण पहिली दोन-चार अक्षरं टाकली की मशीन स्वतःच शब्द सुचवतं. चोरलेला माल त्यानं नव्या मशीनच्या नव्या शब्दांवर वळवून ठेवला होता. ते शब्द हातानं लिहून, पत्र्याच्या डबीत बंद करून, अचलपूरला बहिणीकडे ठेवले होते. मशीन एकीकडे, शब्द दुसरीकडे, फोटो कुठंही नाही, कुणाजवळ एक चकार शब्द नाही. जावयानं पंगतीत सांगितलेले सगळे नियम चोरानं तंतोतंत पाळले होते. पाळले नव्हते ते फक्त मालकानं. अकोल्याच्या दुकानदारानं त्याला ओळखलं, पंचनामा झाला, आणि पुढे कोर्टाच्या आदेशानं सगळं काकांना परत मिळालं.

त्याआधीच, मुद्देमाल जप्त झाला त्याच संध्याकाळी, मी काकांना आणि जावयाला माझ्या खोलीत समोरासमोर बसवलं. काका आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले असतील. “चुकलो बावा,” म्हणाले. “पोलिसाच्या ठाण्यात तुह्यं नाव सांगितलं. तू काय म्हणशीन ते.” जावयानं खिडकीवरची नजर काढून त्यांच्याकडे बघितलं आणि वाकून नमस्कार केला. मुलगी दारात रडत होती आणि हसतही होती. मी उगाच एक फाइल उघडली, कारण माझेही डोळे भरले होते.

लग्नाला मी गेलो. मांडव दुसऱ्या बिछायतवाल्याचा होता आणि भजनात खंजिरी भलताच कुणी वाजवत होता, ठेका सतत मागे पडत होता. काका माझ्याजवळ येऊन कुजबुजले, “साहेब, तो जामिनावर आहे ना? त्याले फक्त खंजिरीपुरतं बोलावलं तर चालते का?” मी म्हटलं, “काका, तुम्ही फिर्यादी आहात. त्यानं तुमच्या जवळपासही यायचं नाही.” ते खरंच हिरमुसले.

लोक मला विचारतात, या केसनं काय शिकवलं? हेच, की चोराला दार लागतं, आणि ते दार बहुतेक वेळा आपण आनंदात असताना उघडं राहतं. कुणी कौतुक केलं की आपण सांगतो, कुणी ठेका दिला की आपण गातो. मशीन चांगलंच आहे, जरूर घ्या, नियम पाळा. फक्त ते वापरणारा माणूस कसा आहे, हेही आधी बघा.

पंगत उठल्यावर मी काकांना विचारलंच, “नवं मशीन घेतलं म्हणे. या वेळी शब्द कुठं ठेवले?”

“मी पाह्यलेच नाही,” काका म्हणाले. “पोरीनं लिहिले, जावयापाशी ठेवाले देल्ले.” मग दूर उभ्या असलेल्या जावयाकडे बघत, त्या भरदार आवाजात, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, “मले गाता येते साहेब, झाकता येत नाही. ज्याले येते त्याच्यापाशी देऊन मी मोकळा झालो!”