हळदीची हिरवी चमक

प्रयोगशाळेच्या खिडकीत एक बाटली आहे. तिच्यात स्पिरिटमध्ये विरघळवलेली हळद आहे. ऊन पडलं की ती पिवळी हळद चक्क हिरवट चमकते. प्रकाश पिऊन तिचे रेणू क्षणभर पेटतात, आणि त्या क्षणाचं गणित मी संगणकाकडून करून घेऊ बघतेय. त्याला ते नको असतं. गणिताच्या प्रत्येक फेरीत तो सर्वांत कमी ऊर्जेची जागा शोधतो, आणि माझा पेटलेला रेणू घसरत घसरत पुन्हा थंड होऊन बसतो.

"थंड रेणूचं उत्तर आलंय ना? तेच लिहून टाका," सर म्हणतात. घरी आईचंही तेच, "जरा नमतं घे गं, सोपं जाईल." जाईल की! पण थंड रेणू चमकत नाही, त्याचं काय?

आज मी प्रोग्रॅमला बजावलं, सर्वांत खालची जागा शोधायचीच नाही. मागच्या फेरीत रेणू जसा होता, त्याच्याशी जास्तीत जास्त जुळेल तेच रूप धरायचं. फेऱ्या संपल्या. ऊर्जा वरच राहिली, रेणू पेटलेलाच.

"अजून तिथंच का तुम्ही?" सरांनी दारातून विचारलं.

"हो सर," मी म्हटलं, "तिथंच टिकायचं होतं."