आमच्या गाडीवर पाणी कोण ओततंय?

इंग्लंडमध्ये रीडिंगला घेतलेली आमची पहिली गाडी गडद निळी होती. सेकंडहँडच, पण रंग असा की बघत राहावं. नवरा म्हणत होता सिल्व्हर घेऊ, त्याच्यावर धूळ दिसत नाही. मी म्हटलं, घाण असेल तर मला ती दिसलीच पाहिजे. माझा स्वभावच तसा, संशयी. आई म्हणायची, ही कार्टी देवाच्या प्रसादातसुद्धा आधी बोट घालून बघेल.

आई आदल्या वर्षी अचानक गेली. नागपूरच्या घरी बाबा एकटे राहिले आणि बोलायचेच थांबले. कॉलिंग कार्ड घासून फोन लावावा, तर तिकडून फक्त हो, बरं, ठेवू का. शेजारच्या काकूंनी मला हळूच सांगितलं की देवघरात आता दिवासुद्धा लागत नाही. ज्या माणसाने आयुष्यात पूजेशिवाय चहा घेतला नाही, त्याचं हे असं. मी घाबरले आणि त्यांना व्हिजिटर व्हिसावर बोलावून घेतलं. व्हिसा संपेपर्यंत राहिले तर माणसात येतील एवढीच माझी आशा होती. बाबा आले खरे, पण चार दिवस झाले की विचारायचे, तिकिटाची तारीख अलीकडे आणता येते का गं? त्या बंद घरात त्यांनी परत जाऊन बसावं ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

तो उन्हाळा कोरडा होता. पाऊस नाही, त्यामुळे पाणी जपून वापरा म्हणून नळाला पाइप लावून बागेला पाणी घालायला सगळीकडे बंदी होती. आणि नेमके त्याच दिवसांत आमच्या बॉनेटवर डाग पडायला लागले. पांढरट, गोल, कडेला जाड आणि मध्ये पुसट. काही ओघळ थेट पुढच्या दिव्यांपर्यंत आलेले. छपरावर नाहीत, डिकीवर नाहीत, फक्त बॉनेटवर.

नवरा म्हणाला, पक्षी असतील. पक्ष्यांना काय फक्त बॉनेटच दिसतं? मग म्हणाला, झाडाचा चीक असेल. अरे, पण आमच्या दारात झाड कुठे होतं? मी शॅम्पूने धुतलं, डाग जागच्या जागी. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने टूथपेस्ट लावायला सांगितली. ती लावली आणि डागाबरोबर बारीक चरेही मिळाले. डोकंच फिरलं माझं.

शेवटी स्वयंपाकघरात किटली साफ करताना ट्यूब पेटली. इथल्या पाण्यात खडू विरघळलेला असल्यासारखा असतो. किटलीच्या तळाला पांढरा थर धरतो आणि तो फक्त व्हिनेगरने सुटतो. तेच व्हिनेगर पाण्यात घालून मी बॉनेटवर एका डागावर धरलं, आणि डाग गेला. म्हणजे नळाचं पाणी! पाऊस नाही, आम्ही गाडी धुतलेली नाही, आणि गाडीवर नळाचं पाणी. कोणीतरी ओतत होतं.

कोण ते सांगायची गरजच नव्हती. आमच्या कुंपणाला लागून एका रिटायर्ड इंग्रज आजोबांचे गुलाब होते. साऱ्या रस्त्यावरची हिरवळ वाळून पिवळी पडली तरी त्यांचे गुलाब टवटवीत. मी म्हटलं, हा म्हातारा पहाटे चोरून पाइप लावतो आणि त्याचे फवारे आमच्या गाडीवर येतात. शिवाय आमची कचऱ्याची बिनं त्यांच्या बाजूला सरकली म्हणून ते एकदा माझ्याशी बोलले होते. गोडच बोलले होते, पण इथली माणसं रागावली की जास्तच गोड बोलतात.

बाबांना काही उद्योग नव्हता, म्हणून मी त्यांना पहाऱ्यावर बसवलं. म्हटलं, तुम्ही लवकर उठता, खिडकीतून जरा लक्ष ठेवा. कोण गाडीजवळ येतं बघा. ते मनापासून बसायचे. मी उठले की विचारायची आणि ते म्हणायचे, कोणीच आलं नाही गं. मला वाटे, यांचा डोळा लागत असणार.

एका रविवारी मी ठरवलं, आता रंग पहिल्यासारखा करूनच सोडायचा. आधी व्हिनेगर, मग स्वच्छ पाणी. मग गाड्यांच्या सामानाच्या दुकानातून आणलेला क्ले बार, म्हणजे मऊ मातीचा गोळा. तो साबणाच्या पाण्यावरून फिरवला की रंगात रुतलेली घाण उचलून घेतो. त्यानंतर चऱ्यांवर पॉलिश आणि शेवटी मेण. बाबा न सांगता बाहेर आले आणि जुन्या बनियनचं फडकं घेऊन माझ्या शेजारी घासायला लागले. ते शाळेत केमिस्ट्री शिकवायचे. गोल गोल नको, सरळ रेषेत पूस, असं मला दटावतसुद्धा होते. कितीतरी महिन्यांनी ते मला दटावत होते. संध्याकाळी बॉनेटमध्ये समोरच्या घरांची धुराडी दिसायला लागली. बाबा म्हणाले, चेहरा बघून भांग पाडावा अशी झालीय.

सोमवारी सकाळी बॉनेटवर ताजे डाग!

मी तडक शेजारी गेले. तुमचा पाइप आमच्या बाजूला येतो का, असं आजोबांना विचारलं, आणि ज्या सुरात विचारलं त्या सुरात आईने मला कोणाशी बोलू दिलं नसतं. ते शांतपणे म्हणाले, मी भांडी धुतलेलं पाणी बादलीने घालतो. मग त्यांनी आमच्या खिडकीकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. झालं, माझी खात्रीच पटली.

दुसऱ्या दिवशी मी गजर लावून उठले आणि वरच्या खोलीच्या पडद्याआड उभी राहिले. समोरच्या छपरांवर ऊन आलं, तसं आमचंच दार उघडलं. बाबा बाहेर आले. आंघोळ झालेली, अंगावर धोतर, वरून माझ्या नवऱ्याचा स्वेटर, हातात तांब्या. ते गाडीसमोर उगवतीकडे तोंड करून उभे राहिले, दोन्ही हातांनी तांब्या कपाळापर्यंत उचलला आणि ओठ हलवत सगळं पाणी सावकाश आमच्या बॉनेटवर सोडलं.

मी तिथेच पलंगावर बसले. अर्घ्याचं पाणी पायदळी येऊ द्यायचं नसतं. घरी ते तुळशीत पडायचं. इथे तुळस नाही, समोर नुसतं काँक्रीट, त्याच्यावरून पोस्टमन येणार, आम्ही जाणार. ज्याच्यावर कोणाचा पाय पडत नाही अशी एकच जागा त्यांना सापडली होती. आणि गाडीजवळ कोणी आलं का या प्रश्नाला त्यांनी खरं तेच उत्तर दिलं होतं. स्वतःला ते कोणी धरतच नव्हते.

ज्यांनी दिवा लावणंसुद्धा सोडलं होतं, ते परत सूर्याला पाणी देत होते. मला रडू येत होतं आणि हसूही. नवऱ्याला म्हटलं, एक अक्षर बोलायचं नाही. रंग गेला खड्ड्यात.

पण केमिस्ट्रीच्या मास्तरांपासून काय लपणार? त्या संध्याकाळी मी गुपचूप डाग पुसत होते, तर ते मागे येऊन उभे. बाटली उचलून वास घेतला. किटलीला लावतेस तेच ना, म्हणाले. मी म्हटलं, हो, पक्ष्यांचेही डाग जातात याने. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की संशयीपणा मी कोणाकडून घेतला ते मला त्या क्षणी कळलं.

दुसऱ्या सकाळी दार उघडलं नाही. त्याच्या पुढच्या सकाळीही नाही. बॉनेट लखलखीत. रात्री जेवताना बाबांनी नवऱ्याला विचारलं, तिकीट या आठवड्यातलं मिळेल का?

मला झोप कसली लागते! सकाळी ऑफिसचे कपडे घालून खाली आले, तर ते स्वयंपाकघरात नुसतेच बसलेले.

"बाबा, गाडीवर पाणी घालणं बंद का केलंत?"

ते टेबलाकडे बघत म्हणाले, "रंग खराब होतो. तू किती घासतेस."

"आणि सुरू का केलं होतंत? घरी तर दिवासुद्धा लावत नव्हता."

ते म्हणाले, "तुझी आई गेली त्या दिवशी अर्घ्य देऊनच मी आत आलो होतो. आलो तर ती ओट्यापाशी पडलेली. तेव्हाच ठरवलं, आता याला पाणी द्यायचं नाही."

"मग इथे?"

"इथे तू रोज गाडी घेऊन त्या मोटरवेवर जातेस. तू गेलीस की संध्याकाळपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. तिला सांभाळ म्हणून इथे मी दुसऱ्या कोणाला सांगणार?"

मी तांब्या घेतला, नळाखाली भरला आणि त्यांच्या हातात दिला. ते घेईनात. डाग पडतील म्हणाले. मी म्हटलं, पडू देत, मला ऑफिसला उशीर होतोय, तुम्ही पाणी घातल्याशिवाय मी निघणार नाही.

बाहेर चांगलं ऊन आलं होतं. शेजारचे आजोबा बादली घेऊन गुलाबांपाशी उभे होते; त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली, बाबांना नीट पाणी घालता यावं म्हणून. बाबांनी हात वर केले. त्यांचं पुटपुटणं संपेपर्यंत मी किल्ली हातात धरून थांबले, आणि मग ओली गाडी तशीच घेऊन मोटरवेला लागले.